निळाई खासीची, गोलाई मिंदानावची

व्हँडा रॉथचाइल्डियाना या ऑर्किडचं फूल वाचायला घ्यावं ते खालच्या दोन निदलांपासून. नजर आपसूक वर जाते, कारण निळा रंग वरच्या भागात जास्त मोकळा असतो. पण या फुलाचा उलगडा खालून होतो. ही दोन निदलं वरच्या निदलापेक्षा रुंद आणि भारदस्त. त्यांच्यावरचं शिरांचं जाळं दाट, आणि निळा रंग तिथे गडद होत जांभळ्याकडे झुकलेला. वरचं निदल आणि दोन बाजूंच्या पाकळ्या यांत तेच जाळं सैल होतं, मधल्या चौकटी उजळ होतात, आणि सकाळचं ऊन मागून आलं की त्या अंगानं किती पातळ आहेत ते कळतं. मध्यभागी छोटासा ओठ, फुलाच्या मानानं अगदीच लहान, आणि सगळ्यांत गडद. एकाच फुलात असे दोन स्वभाव नांदतात: वर हलका, वाऱ्यावरचा, खाली ठाम आणि बसका.

हे दोन स्वभाव दोन वेगळ्या देशांतून आले आहेत. एक पालक आपल्या ईशान्येकडची व्हँडा सेरुलिया, म्हणजे निळी व्हँडा. ती खासी टेकड्यांपासून म्यानमार, उत्तर थायलंड आणि युनानपर्यंत आढळते, हजार-दीड हजार मीटर उंचीवर, थंड आणि उघड्या रानात. दुसरी फिलिपिन्समधल्या मिंदानाव बेटावरची व्हँडा सँडरियाना, तिथल्या लोकांची लाडकी वालिंग-वालिंग. ती सखल, उष्ण, दमट जंगलातली. या दोघींमध्ये डोंगर, नद्या आणि एक अख्खा समुद्र आहे. निसर्गात त्यांची गाठ पडणं शक्य नव्हतं. ती माणसाच्या हातानं पडली. फ्रान्समधल्या शासँ या बागायतदारांच्या नावावर १९३१ साली या संकराची नोंद झाली. आज जगभरच्या, विशेषतः थायलंडच्या रोपवाटिकांतून येणाऱ्या बहुतेक मोठ्या निळ्या व्हँडांच्या वंशावळीत कुठे ना कुठे सेरुलिया आणि सँडरियाना या दोघी सापडतातच.

नंतर याहून गडद, याहून मोठी, याहून गोल फुलं तयार झाली. तरी मला रॉथचाइल्डियाना त्या सगळ्यांहून सरस वाटतं. कारण यात दोन्ही पालक अजून वेगवेगळे ओळखू येतात, आणि तरीही फूल दुभंगलेलं वाटत नाही. बसंत-बहार ऐकताना जाणत्या श्रोत्याला बसंत कुठे संपला आणि बहार कुठे शिरला हे कळतं, आणि ते कळण्यातच त्या जोडरागाचा अर्धा आनंद असतो. दोन्हींचा काला झाला तर राग बिघडला असंच आपण म्हणतो. संकरित फुलाला मी हीच कसोटी लावते.

म्हणून आधी पालकांकडे जायला हवं.

विल्यम ग्रिफिथला निळी व्हँडा १८३७ साली खासी टेकड्यांत दिसली, आणि जॉन लिंडलीनं १८४७ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. पण तिचं खरं वर्णन वाचायचं तर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरकडे जावं. १८५० साली तो त्या टेकड्यांत फिरत होता. एका गावाजवळच्या ओकच्या विरळ रानात त्याला ती मुबलक भेटली, कोरड्या गवताळ उतारावर, खुरट्या झाडांच्या उघड्या फांद्यांवर. बारीक निरीक्षण करणारा माणूस तो. त्याच्या चटकन लक्षात आलं की इंग्लंडमधले बागायतदार ऑर्किडला कोंदट, उकडणाऱ्या काचघरात कोंबतात, आणि इथे ही वनस्पती भर उन्हात, मोकळ्या वाऱ्यात, थंडी आणि कोरडेपणा सोसत मजेत फुलते आहे. ते निरीक्षण आजही गॅलरीत व्हँडा टांगणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे.

त्यानंतरचा भाग मात्र वाचताना त्रास होतो. इंग्लंडमधल्या क्यूच्या बागेसाठी सात माणसांची ओझी भरतील इतकी रोपं गोळा झाली. तोडलेले ३६० तुरे पडवीच्या जमिनीवर रचले तेव्हा गजगजभर उंचीचे तीन ढीग झाले. एवढं करून त्यातली फार थोडी रोपं इंग्लंडला जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थानं आपल्या माळ्याला ती जागा बघायला पाठवलं होतं. त्यानं पाठवलेलं एका माणसाचं ओझं खराब अवस्थेत पोचूनही तीनशे पौंडांना विकलं गेलं. या आकड्यानं पुढची कित्येक दशकं त्या टेकड्यांचं काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं संरक्षित वनस्पतींचं प्रकरण आलं आणि निळी व्हँडा त्या यादीत गेली. ज्या फुलाची निळाई जगभरच्या बागांत वाटली गेली, त्याच्या मूळ रानाला दीडशे वर्षांनी कायद्याचं कुंपण घालावं लागलं.

आता ते मूळ फूल डोळ्यांसमोर आणा. तुरा लांब, ताठ, पानांच्या वर निघालेला. फुलं एकमेकांपासून अंतर राखून. रंग आकाशी ते फिकट जांभळा, त्यावर गडद निळ्या चौकटी. गोकर्णीच्या निळ्याची अपेक्षा धरली तर निराशा होईल. हा निळा नेहमी जांभळ्याला हाताशी धरून असतो, आणि फोनच्या कॅमेऱ्यात तर पुष्कळदा गुलाबीच येतो. पाकळ्या बुडाशी अरुंद आणि तिथेच पीळ घेतलेल्या. त्या पिळामुळे पाकळ्या आणि निदलं यांच्यामध्ये फटी राहतात, आणि फटींतून मागचं आकाश दिसतं. प्रदर्शनांतले परीक्षक या पिळाला दोष मानतात. मला तो या फुलाचा श्वास वाटतो. उघड्या टेकडीवर वाऱ्यात हलणाऱ्या फुलाला असं मोकळं अंग शोभतंच.

सँडरियानाचं सगळं उलट. १८८२ साली रायखेनबाखनं तिचं वर्णन केलं आणि इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सला ऑर्किडचा मोठा व्यापार करणाऱ्या फ्रेडरिक सँडरचं नाव तिला दिलं. सँडरच्या वतीनं मिंदानावमध्ये हिंडणाऱ्या कार्ल रोबेलिननं ती शोधली होती. हिचा तुरा पानांच्या जवळ राहतो, फुलं दाटीनं येतात. फूल सपाट, रुंद, जवळजवळ गोल. फट नावाला नाही. वरचा भाग गुलाबी-पांढरा, पाकळ्यांच्या बुडाशी लालसर-तपकिरी ठिपके. खालची दोन निदलं मोठी, पिवळसर, त्यांच्यावर तपकिरी-तांबड्या शिरांचं घट्ट जाळं. ओठ पुन्हा लहानच, आणि त्याला मागे शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी नळी, नाही. एवढ्या फरकांवरून श्लेख्टरनं १९१४ साली तिला व्हँडातून बाहेर काढून युआंथे नावाचं वेगळं घर दिलं. पुढे ती परत व्हँडात आली. म्हणून रॉथचाइल्डियानाच्या जुन्या नावपट्ट्यांवर कधी व्हँडांथे रॉथचाइल्डियाना असं लिहिलेलं सापडतं. रोप तेच असतं.

हे दोन पाठ नजरेत ठेवून पुन्हा आपल्या फुलाकडे या. खालच्या निदलांची रुंदी, त्यांचा भार आणि दाट जाळं हे सरळ मिंदानावचं. तपकिरी मात्र निळ्यात विरघळली. तिनं स्वतः नाहीशी होता होता निळ्याला खोली दिली. सेरुलियात एकट्या निळ्याला ही खोली क्वचितच लाभते. फुलाचा सपाटपणा सँडरियानाचा, चौकटींची नक्षी मुख्यतः सेरुलियाची. फटी बुजल्या आहेत, पण पुरत्या नाहीत: पाकळीच्या बुडाशी बोटभर खाली बघितलं तर पिळाची आठवण अजून शिल्लक असते. तुरा सेरुलियासारखा उंच जायला बघतो आणि सँडरियानासारखी भरगच्च फुलं घेऊन किंचित वाकतो. ओठ दोघींचाही लहान, तेव्हा संकराचाही लहानच. तिथे वाद नव्हता.

सगळ्यांत मोठा वारसा डोळ्यांना दिसत नाही. सेरुलियाला थंड रात्री लागतात, सँडरियानाला थंडी सोसत नाही. या दोघींच्या लेकीला पुण्या-ठाण्याची गॅलरी चालते. ठाण्यातला दमट उन्हाळा ती आईच्या बाजूनं निभावते आणि पुण्यातल्या पौषातल्या रात्री बापाच्या बाजूनं, किंवा उलट. अगदी कडाक्याच्या रात्री मात्र तिला आत घ्यावं. एकाच रोपाचं वैशाखातलं फूल आणि पौषातलं फूल शेजारी ठेवून बघता आलं असतं तर कुणाचाही विश्वास बसला नसता की ही एकच फांदी आहे. गारव्यात निळा खोल जातो, जाळं ठळक होतं. उकाड्यात फूल फिकटतं आणि लवकर थकतं. शिवाय कळी उमलली त्या दिवशी फुलाचं मोजमाप करू नये. व्हँडाचं फूल उमलल्यावर पुढचे काही दिवस वाढत आणि रंग धरत राहतं. आठवडाभर थांबून मग मत द्यावं.

जोपासनेचं थोडक्यात सांगते, कारण या रोपाच्या मागण्या स्पष्ट आहेत. सागवानी पट्ट्यांची टोपली, आत काही नाही किंवा कोळशाचे चार खडे; मुळं खाली मोकळी लोंबू द्यायची. मूळ कोरडं असतं तेव्हा रुपेरी दिसतं, पाणी मिळालं की हिरवं होतं. मूळ पुरतं हिरवं होईपर्यंत पाणी, आणि संध्याकाळच्या आत ते पुन्हा रुपेरी. उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची शेडनेट. एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत अगदी पातळ करून, पण नेमानं. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात खरी भीती शेंड्यात साचणाऱ्या पाण्याची. वर आडोसा हवा आणि वारा खेळता हवा. हुकरनं पाहिलेला तो वारा.

पुढे काय झालं ते आता बघू. एकदा निळाई आणि गोलाई एकत्र आल्यावर संकर करणाऱ्यांना दिशा मिळाली. रॉथचाइल्डियानाचा अस्कोसेंट्रम कर्व्हिफोलियम या बुटक्या, शेंदरी फुलांच्या ऑर्किडशी संकर करून हवाईत मेडा अरनॉल्ड तयार झाली, आणि तिच्या वाटेनं छोट्या, चटक रंगांच्या, सहज फुलणाऱ्या व्हँडांची रांग लागली. दुसरीकडे मोठ्या निळ्या फुलांत सँडरियानाचा वाटा वाढत गेला, कारण गोलाईला गुण मिळतात. अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या पद्धतीत ७५ गुणांपासून पुरस्कार सुरू होतो, ८० च्या पुढे अवॉर्ड ऑफ मेरिट आणि ९० च्या पुढे फर्स्ट क्लास सर्टिफिकेट. आणि व्हँडाच्या आकाराचे गुण ठरतात ते फूल किती भरलेलं, किती सपाट, किती गोल यावर. या मापदंडानं बागायतीचं भलं केलं हे मी मान्य करते. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच मापानं निवड झाली की फूल एका तबकडीकडे सरकत जातं. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक भरगच्च जांभळ्या व्हँडा मी जवळून पाहिल्या आहेत. रंग अप्रतिम, आकार निर्दोष. त्यांच्यात खासी टेकड्या मात्र सापडत नाहीत. तुरा आखडला, फुलं एकमेकांवर चढली, फटीतलं आकाश गेलं.

आता नावाकडे वळते. इथे माझं म्हणणं ठाम आहे: संकरित ऑर्किडचं नाव हा फुलाचाच भाग आहे. ते काढून घेतलं तर फूल बघता येतं, वाचता येत नाही.

नोंदणीची ही परंपरा सँडरनंच उभी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं संकरांची यादी छापायला घेतली, आणि सँडर्स लिस्ट या नावानं ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी हे काम करते. नोंदलेल्या संकरांची संख्या केव्हाच लाखाच्या पुढे गेली आहे. म्हणजे ज्याच्या नावावर सँडरियाना आहे, त्यानंच तिच्या सगळ्या लेकीसुनांचं दफ्तर लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या कुठल्या फुलझाडाची एवढी लांब, अखंड वंशावळ मला माहीत नाही. कुठल्याही नोंदलेल्या ऑर्किडचं नाव घ्या आणि मागे जात राहा. शेवटी तुम्ही थेट रानात पोचता.

या पद्धतीचे नियम समजून घेण्यासारखे आहेत, कारण त्यात विचार आहे. दोन विशिष्ट पालकांची सगळी संतती एका नावाखाली येते; तिला ग्रेक्स म्हणतात. पराग कुणाचा आणि शेंग कुणी धरली यानं नावात फरक पडत नाही. तोच संकर शंभर वर्षांनी, वेगळ्या देशात, अधिक चांगली सेरुलिया आणि अधिक चांगली सँडरियाना घेऊन कुणी पुन्हा केला तरी तो रॉथचाइल्डियानाच. त्यामुळे या एका नावाखाली फिकट आणि गडद, उत्तम आणि सुमार, अशी सगळी भावंडं आहेत. त्यातलं एखादं रोप विशेष निघालं तर त्याला आणखी एक नाव मिळतं, एकेरी अवतरणचिन्हांत, आणि ते फक्त त्या रोपाचं आणि त्याच्यापासून फोडून किंवा ऊतिसंवर्धनानं वाढवलेल्या रोपांचं. पहिलं नाव कुटुंबाचं, दुसरं व्यक्तीचं. रॉथचाइल्डियाना हा लॅटिन घाट १९३१ साली चालला. १९५९ पासून नव्या संकरांना असं लॅटिन वळणाचं नाव देता येत नाही, चालत्या भाषेतलंच द्यावं लागतं. म्हणून नुसत्या नावावरूनही फुलाच्या वयाचा अंदाज येतो.

वंशांची नावंही अशीच बोलतात. अरॅक्निस आणि व्हँडा मिळून अरांडा. त्यात अस्कोसेंट्रम मिसळलं की मोकारा, सिंगापूरच्या एका मोक नावाच्या गृहस्थांवरून. दादरच्या फूलबाजारात जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियम सोनियाच्या जुड्यांशेजारी केशरी मोकाराच्या काड्या दिसतात, मांडवांच्या सजावटीसाठी. आता शास्त्रज्ञांनी अस्कोसेंट्रमलाच व्हँडात सामील करून घेतलं आहे, त्यामुळे दफ्तरात मोकारा अरांडा झाली. बाजारात ती मोकाराच राहिली आहे, आणि राहो. दफ्तर आणि बाजार यांच्यात असं अंतर असलं तरी चालतं, कारण मोकारा म्हटलं की काय घेतोय ते दोघांनाही कळतं.

चालत नाही ते वेगळंच. एका रोपवाटिकेत मला ऐन बहरातली निळी व्हँडा मिळाली. पट्टीवर एवढंच होतं: ब्लू व्हँडा. विचारलं तर उत्तर आलं, नावाचं काय करायचंय, फूल बघा की. मूळ पट्ट्या कुंड्या रिकाम्या करताना टाकून दिल्या होत्या. ते रोप माझ्याकडे आहे, सुंदर आहे, आणि त्याच्यापुढे मी दर बहरात अडून बसते. पाकळीवरची ही कड कुणाची? ओठाची ही लाली कुठून आली? अंदाज बांधता येतात, पण त्यांना टेकायला जमीन नाही. या रोपाचा पराग मी दुसऱ्या कशालाही लावत नाही, कारण त्याच्या संततीची ओळख पहिल्या पिढीतच पुसलेली असेल.

पराग लावण्याची गोष्ट आलीच आहे तर ती नीट सांगते. घरी करता येण्यासारखं हे काम आहे आणि त्याच्यासारखा आनंद थोडा. याचा मान पहिल्यांदा मिळाला जॉन डॉमिनीला. एक्सेटरला व्हीच यांच्या रोपवाटिकेत तो काम करायचा. ऑर्किडच्या फुलात नर आणि मादी भाग कुठे असतात हे त्याला त्याच गावच्या जॉन हॅरिस नावाच्या शल्यवैद्यानं समजावून दिलं. १८५६ साली त्याचा पहिला संकर फुलला, कॅलँथे डॉमिनी. त्याच्या दोन्ही पालक जाती आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही उगवतात. ते फूल बघून लिंडलीनं म्हटलं म्हणे, की तुम्ही वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लावणार.

फुलाच्या मधोमध ओठाच्या वर एक आखूड खांब असतो. नर आणि मादी दोन्ही अवयव त्या एकाच खांबात. टोकाला छोटी टोपी. टूथपिकनं ती हळूच उचलली की दोन पिवळे, मेणासारखे परागपिंड चिकट तळासकट टूथपिकला लागून येतात. खांबाच्या पोटाशी, टोपीच्या जरा खाली, एक ओलसर खळगा असतो, ती कुक्षी. दुसऱ्या रोपावरच्या फुलाच्या त्या खळग्यात पिंड दाबून बसवायचे. एवढंच. आणि लगेच पट्टी लावायची: शेंग धरणारं रोप आधी, मग गुणिलेचं चिन्ह, मग परागाचं रोप, आणि तारीख.

यानंतर जे घडतं ते मला अजूनही थक्क करतं. एरवी महिनाभर टिकलं असतं ते फूल एक-दोन दिवसांत मावळतं. निळा निघून जातो, पाकळ्या मिटतात, खांब सुजून खळगा झाकून टाकतो. पण त्या घडीला बीजांडं तयारच नसतात! पराग पोचल्याचा निरोप मिळाल्यावर मग वनस्पती बीजांडं घडवायला घेते, आणि खरं फलन पुढे कित्येक आठवड्यांनी होतं. फळाची आशा असल्याशिवाय काही खर्चायचं नाही आणि आशा दिसली की सगळं तिकडे वळवायचं, असा हा बेत. म्हणून अशक्त रोपावर शेंग धरू नये. व्हँडाची शेंग पिकायला वर्षभरही लागतं आणि तोवर ती रोपाचा जीव ओढत असते.

एका शेंगेत लाखो बिया, धुळीएवढ्या, आणि एकीपाशीही शिदोरी नाही. रानात बुरशीचा एखादा तंतू बीत शिरून तिला जगवतो. हे नोएल बर्नारनं १८९९ साली दाखवलं. तोवर बागायतदार मूळ रोपाच्या बुंध्याशी बिया शिंपडून नशिबावर हवाला ठेवायचे. १९२२ साली ल्युइस नडसननं बुरशी बाजूला ठेवून साखर आणि क्षार मिसळलेल्या आगरवर बी उगवून दाखवलं, आणि संकराची कला श्रीमंतांच्या काचघरांतून बाहेर पडली. आज घरी प्रयत्न करणारे शेंग हिरवी असतानाच काढतात, कारण बंद शेंगेच्या आत सगळं निर्जंतुक असतं. फक्त बाहेरची साल शुद्ध करावी लागते. आगरमध्ये कुणी नारळपाणी घालतं, कुणी कुस्करलेलं केळं. ज्यांच्याकडे तशी सोय नाही ते शेंग एखाद्या प्रयोगशाळेकडे देतात आणि बाटलीतली रोपं परत घेतात. बाटली फोडल्यापासून पहिल्या फुलापर्यंत व्हँडाला काही वर्षं द्यावी लागतात. त्या सगळ्या वर्षांत पट्टी टिकली पाहिजे. साध्या पेनाची शाई एका उन्हाळ्यात उडते, शिसपेन्सिल टिकते.

दोन्ही पालकांची नावं पक्की असली आणि ती जोडी आधी कुणी नोंदलेली नसली तरच नवं नाव देता येतं, आणि तेही रोप फुलल्यावर. फुलाआधी नाव नाही, ही अट मला फार आवडते. तोवर पट्टीवर दोन पालक आणि मध्ये गुणिलेचं चिन्ह, इतकंच.

मला विचारतात की आपल्या महाराष्ट्रातल्या व्हँडाचा संकर का करत नाही. आंब्याच्या जुन्या खोडांवर व्हँडा टेसेलाटा असते. तपकिरी-हिरव्या चौकटींच्या पाकळ्या, जांभळट-निळा ओठ आणि गोड वास. निळीला वास जवळजवळ नाही, तेव्हा मोह रास्त आहे. पण तपकिरीचा हा वाटा सँडरियानाच्या तपकिरीसारखा निळ्यात विरून जाणारा नाही. तो निळ्याला गढूळ करेल असं मला वाटतं. त्या संकराला निळ्यापासून दूर, त्याच्या स्वतःच्या रंगात जाऊ द्यावं. मात्र रोप झाडावरून काढायचं नाही. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं मिळालं तरच.

माझा विचार वेगळ्या जोडीचा आहे. बहुतेक जण रॉथचाइल्डियानाला सँडरियानाकडे घेऊन गेले. मला तिला सेरुलियाकडे परत न्यायची आहे. प्रयोगशाळेत वाढवलेली, कागदपत्रं नीट असलेली, लांब तुऱ्याची सेरुलिया परागासाठी. शेंग रॉथचाइल्डियानानं धरायची, कारण माझ्याकडे दणकट रोप तेच आहे. तीन वाटे खासी, एक वाटा मिंदानाव. संतती एकसारखी येणार नाही. काहींना आमच्या गॅलरीतला वैशाख झेपणार नाही. पुष्कळांच्या पाकळ्यांना बुडाशी पीळ असेल, फटी परत उघडतील, आणि गोलाईचे गुण जातील. तीच रोपं मला ठेवायची आहेत: तुरा उंच, फुलं सुटी, चौकटी ठळक, आणि खालच्या दोन निदलांत सँडरियानाची तेवढी एक खूण राहिलेली.